फासा कुणाच्या हाती?

‘ग्रिम डॉन’ हा संगणकावरचा खेळ सुरू होतो तेव्हा नायकाच्या गळ्यात फाशीचा दोर असतो. परलोकातल्या एका शक्तीने त्याच्या शरीराचा ताबा घेतलेला असतो आणि ‘डेव्हिल्स क्रॉसिंग’ या जुन्या तुरुंगात आसरा घेतलेली माणसे त्याला लटकवायला निघालेली असतात. ऐन वेळी ती शक्ती शरीर सोडून निघून जाते, दोर तोडला जातो आणि वस्तीचा प्रमुख कॅप्टन बोर्बन त्याला जगू देतो. विश्वास मात्र कोणी ठेवत नाही. जगायचे असेल तर वस्तीच्या उपयोगी पडायचे, असा रोकडा व्यवहार ठरतो आणि नायक आसपास उठणाऱ्या मुडद्यांच्या बंदोबस्ताला बाहेर पडतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ‘क्रेट एंटरटेनमेंट’ या छोट्या कंपनीचा हा खेळ फेब्रुवारी २०१६मध्ये पूर्ण स्वरूपात विक्रीस आला. म्हणजे तो नवा नाही, आणि आला तेव्हाही मुद्दाम जुन्या वळणाचा होता. त्याचा पहिला अंक खेळून झाल्यावरची ही निरीक्षणे आहेत. एखादा खेळ हा एरवी या स्तंभाचा विषय नव्हे. पण मुलांच्या, आणि आता मोठ्यांच्याही, हातातल्या खेळांबद्दल आपण बोलतो ते बहुधा व्यसन, वेळेचा अपव्यय आणि डोळ्यांचे नंबर यांपुरतेच. ते खेळ आतून चालतात कसे, हे पाहायचे राहून जाते. जुन्या वळणाच्या खेळात ती यंत्रणा फारशी झाकलेली नसते, म्हणून तो समजून घ्यायला सोयीचा.

या जातीच्या खेळांना ‘ॲक्शन रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. एखाद्या पात्राची भूमिका घ्यायची आणि त्याची ताकद, कौशल्ये, हत्यारे टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची, हा त्यातला ‘रोल-प्लेइंग’चा भाग. मारामारी मात्र पाळी-पाळीने न होता त्याच क्षणी घडते, हा ‘ॲक्शन’चा. पहिला भाग संगणकाच्याही आधीचा आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. घाव लागला की चुकला, राक्षसाच्या गुहेत सोने मिळाले की गंजका सुरा, हे फासे टाकून आणि छापील कोष्टके पाहून ठरे. १९८०मध्ये कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी केलेल्या ‘रोग’ या खेळाने ते फासे संगणकाच्या स्वाधीन केले. त्यातली तळघरे पडद्यावरच्या अक्षरांनी आणि चिन्हांनी काढलेली असत आणि प्रत्येक डावात त्यांचा नकाशा नव्याने तयार होई.

दुसरा भाग आला १९९६च्या अखेरीस, ‘डिआब्लो’ या खेळाबरोबर. तो कॅलिफोर्नियातल्याच एका लहान चमूने तयार केला. ‘काँडोर’ नावाची ही कंपनी पुढे ‘ब्लिझर्ड नॉर्थ’ झाली. खेळाचे नाव तिथल्या माउंट डिआब्लो या डोंगरावरून आले. चमूतील प्रमुख प्रोग्रॅमर डेव्हिड ब्रेव्हिक यांच्या मनात ‘रोग’च्या परंपरेतला, पाळी-पाळीने चालणारा खेळ होता. आपण एक पाऊल टाकायचे, मग राक्षसांनी एक टाकायचे, असा. पैसा आणि पाठबळ देणाऱ्या ब्लिझर्डने तो ‘रिअल टाइम’, म्हणजे घड्याळाबरोबर अखंड चालणारा करा, असा आग्रह धरला. ब्रेव्हिक यांचा आधी विरोध होता. पण त्यांनी एका दुपारी काही तासांत बदल करून पाहिला, पडद्यावरच्या सांगाड्यावर क्लिक केले, नायक चालत गेला आणि त्याने सांगाडा फोडला. त्यानंतर मागे वळून पाहण्याचा प्रश्नच उरला नाही, असे त्यांनीच पुढे जाहीर व्याख्यानात सांगितले आहे.

या गोष्टीतला तांत्रिक तपशील महत्त्वाचा आहे. ब्रेव्हिक यांनी पाळ्या काढून टाकल्या नाहीत. त्या इतक्या लहान केल्या, की एका सेकंदात अनेक उरकू लागल्या. फासेही तसेच राहिले. आपल्याला दिसते ती धावपळ आणि तलवारबाजी. खाली मात्र प्रत्येक घावाला आकडेमोड चालू असते: हल्ला करणाऱ्याची आक्रमण-क्षमता किती, समोरच्याची बचाव-क्षमता किती, आणि त्यावरून घाव बसण्याची शक्यता किती. ‘ग्रिम डॉन’मध्ये हे दोन्ही आकडे पात्राच्या पानावर सरळ लिहिलेले असतात. हल्लीचे बरेच खेळ असे आकडे झाकून ठेवतात.

‘ग्रिम डॉन’ जुन्या वळणाचा का झाला, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. २००६ साली ‘आयर्न लोर’ या कंपनीने ‘टायटन क्वेस्ट’ नावाचा, ग्रीक-इजिप्शियन पुराणांवर बेतलेला असाच खेळ काढला होता. ती कंपनी २००८मध्ये बंद पडली. तिथल्या काही मंडळींनी ‘क्रेट’ काढली आणि ‘टायटन क्वेस्ट’चे ‘इंजिन’, म्हणजे खेळ ज्यावर उभा राहतो तो मूळ प्रोग्रॅमचा सांगाडा, परवाना घेऊन वापरला. मोठा प्रकाशक मागे नव्हता. २०१२मध्ये त्यांनी ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आवाहन केले आणि पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. वर्गणी देणारे होते ते जुन्या खेळांचे चाहते, आणि खेळ त्यांना हवा तसाच झाला: एकदा पैसे देऊन विकत घ्यायचा, इंटरनेटशिवाय चालणारा, आणि आपली प्रगती आपल्याच संगणकावर साठवणारा. विस्तारासाठी नवे भाग पुढे निघाले, त्यांचे पैसे वेगळे. पण तेही एकदाच.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. कॅमेरा उंचावरून तिरका खाली पाहतो. माउसने जागा दाखवली की नायक तिथे जातो, शत्रू दाखवला की त्याच्यावर तुटून पडतो. रंग मळकट, पाऊस वारंवार, वस्त्या उजाड. तलवारी आणि मंत्रांच्या जोडीला इथे पिस्तुले आणि बंदुकाही आहेत, त्यामुळे काळ मध्ययुगापेक्षा थोडा अलीकडचा वाटतो. या ‘केअर्न’ नावाच्या जगावर बाहेरच्या दोन शक्तींनी घाला घातला आहे. ‘एथेरियल’ना माणसांची शरीरे हवी आहेत, ‘थॉनियन’ना त्यांचे रक्त. दोघांच्या भांडणात माणूस म्हणजे कच्चा माल. साम्राज्य कोसळल्यामुळे नाणी निरर्थक झाली आहेत आणि व्यवहार लोखंडाच्या तुकड्यांत चालतात. हा तपशील लहान आहे, पण तो कोणीतरी विचार करून ठेवला आहे हे जाणवते.

कथा सांगण्याची रीतही जुनीच. पात्रे थोडे बोलतात. त्यापेक्षा जास्त सांगतात त्या पडक्या घरांत आणि तळघरांत सापडणाऱ्या चिठ्ठ्या-डायऱ्या. त्या वाचल्याबद्दल थोडे अनुभव-गुणही मिळतात. आमच्या मते या खेळातले सर्वांत चांगले लेखन या चिठ्ठ्यांमध्येच आहे, संवादांत नाही. नकाशा आपण चालू तेवढाच उजळत जातो. ढासळलेल्या वाटा सुरुंगाने उघडायच्या, मोडके पूल सामान जमवून दुरुस्त करायचे, अशी कामे अधूनमधून येतात आणि बरी वाटतात, कारण एवढ्या मारधाडीत तेवढीच काहीतरी उभे करण्याची संधी असते.

नायक कसा घडवायचा, हा या खेळाचा दुसरा खांब. दुसऱ्या पातळीवर एक विद्याशाखा निवडायची आणि दहाव्या पातळीवर दुसरी. मूळ खेळात अशा सहा शाखा आहेत: सैनिक, स्फोटकतज्ज्ञ, गूढविद्या जाणणारा, छुपा मारेकरी, जादूगार आणि शमन. सहांतून दोनदोनच्या पंधरा जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीत कोणत्या कौशल्यावर किती गुण खर्च करायचे, याच्या वाटा इतक्या फुटतात की दोन खेळाडूंचे सैनिकही एकमेकांसारखे राहत नाहीत.

इथेच सुरुवातीची मोठी अडचणही आहे. दहावी पातळी येईपर्यंत हाताशी एखाददुसरेच कौशल्य असते. तोच घाव, तेच मुडदे, तोच चिखल. खेळाची खरी गंमत दोन शाखा एकमेकींना कशा पूरक ठरतात यात आहे आणि नेमके तेच सुरुवातीला मिळत नाही. अनेक जण या टप्प्यावर खेळ सोडत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

तरीही हात माउसवरून निघत नाही. त्याचे कारण ‘लूट’. मेलेल्या शत्रूच्या अंगातून वस्तू उडून जमिनीवर पडतात आणि त्यांच्या नावांना रंग असतात: साधी पांढरी, थोडी बरी पिवळी, दुर्मिळ हिरवी, त्याहून वरची निळी, आणि सर्वांत वरची जांभळी. शत्रू पडला की आत फासे पडू लागतात. वस्तू पडेल का, पडली तर कोणत्या जातीची, तिचा रंग कोणता. रंग पिवळा किंवा हिरवा ठरला की नावाला पुढे, मागे किंवा दोन्हीकडे एकेक विशेषण जोडले जाते, वेगवेगळ्या कोष्टकांतून. मग प्रत्येक विशेषणासोबत येणारा आकडा ठरावीक मर्यादेत वर-खाली होतो.

शक्यता एकमेकींना गुणल्या जातात, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. समजा, आपल्याला हवे ते पुढचे विशेषण शंभरात एकदा येते आणि मागचेही शंभरात एकदा. तर दोन्ही एकाच वस्तूवर येण्याची शक्यता दहा हजारांत एक. त्यात ती वस्तू आपल्याला हवी तीच, म्हणजे हातमोजा नव्हे तर कुऱ्हाड, असायला हवी. त्यामुळे नेमकी हवी ती वस्तू जवळजवळ कधीच मिळत नाही. तिच्या जवळपासची मात्र सतत मिळत राहते.

हे इतके परिणामकारक का ठरते, याचे एक उत्तर मानसशास्त्रात आहे. बी. एफ. स्किनर यांनी चार्ल्स फर्स्टर यांच्यासह १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरचे प्रयोग मांडले आहेत. ठरावीक चोचींनंतर दाणा मिळाला, तर कबुतर दाणा खाऊन थोडे थांबते. दाणा किती चोचींनंतर मिळेल याचा नेम नसेल, तर ते न थांबता टोचत राहते. जुगारघरातले खटक्याचे यंत्र याच तत्त्वावर चालते, आणि राक्षसाच्या अंगातून पडणारी कुऱ्हाडही.

हे मान्य करूनही एक फरक नोंदवायला हवा. यंत्रातून पडलेले नाणे हे नाणेच असते, त्याबद्दल विचार करायला काही नसते. ‘ग्रिम डॉन’मध्ये सापडलेली वस्तू बऱ्याचदा प्रश्न होऊन येते. आपण न निवडलेल्या कौशल्याला बळ देणारी चांगली ढाल मिळाली, तर बेत बदलायचा का? थंडीपासून बचाव देणारे बूट काढून वेगाचे घातले, तर पुढच्या गुहेत काय होईल? डाळ निवडावी तशी लूट निवडत बसावे लागते, आणि ती निवड हाही खेळाचाच भाग असतो.

पहिल्या अंकाच्या शेवटी भेटणारा वॉर्डन क्रीग हा धडा पक्का करून घेतो. बर्विच गावापलीकडच्या त्याच्या तळघरात तो वाट पाहत असतो. एकदा हरवला असे वाटते, तेव्हाच तो रूप पालटून पुन्हा उभा राहतो. नुसती तलवार जड करून आलेला खेळाडू इथे मरतो, कारण क्रीगच्या ‘एथर’च्या, म्हणजे एथेरियलांच्या ऊर्जेच्या, आघातांपुढे जाड चिलखत पुरेसे पडत नाही. त्यासाठी वेगळी ‘रेझिस्टन्स’, म्हणजे प्रतिकारशक्ती, लागते. ती टक्क्यांत मोजतात आणि तिची नेहमीची कमाल मर्यादा ८० टक्के आहे. तिचा हिशेब फसवा आहे. प्रतिकार ६० टक्के असेल तर शंभराच्या घावातले ४० अंगाला लागतात. ८० टक्के असेल तर २०. वाढ दिसायला वीस टक्क्यांची, पण इजा थेट निम्मी. हे कळले की आधी कचरा म्हणून विकून टाकलेल्या पिवळ्या अंगठ्या मोलाच्या वाटू लागतात.

आता या यंत्रणेत पैसा शिरला की काय होते ते पाहू. मे २०१२मध्ये आलेल्या ‘डिआब्लो ३’ला इंटरनेटची जोडणी सक्तीची होती आणि काही आठवड्यांतच त्यात खऱ्या पैशांचे लिलावघर सुरू झाले. खेळाडूंनी सापडलेल्या वस्तू एकमेकांना डॉलरमध्ये विकायच्या आणि कंपनीने त्यातला वाटा घ्यायचा. परिणाम असा झाला, की राक्षस मारत बसण्यापेक्षा लिलावाची यादी चाळणे फायद्याचे ठरले. स्वतःला सापडलेली कुऱ्हाड बाजारातल्या कुऱ्हाडीपुढे नेहमीच फिकी दिसे. खेळाच्या गाभ्यालाच यामुळे धक्का लागतो, असे सांगून ब्लिझर्डने १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद केले आणि त्याच सुमारास लुटीचे नियमही बदलले.

त्यानंतर रूढ झालेली पद्धत अधिक सरळ आहे. ‘लूट बॉक्स’ म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर सोडलेले खोके, पैसे देऊन उघडायचे. इथे कंपनी वस्तू विकत नाही, फासा टाकण्याची संधी विकते. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८मध्ये काही लोकप्रिय खेळांतली अशी सशुल्क खोकी जुगाराच्या व्याख्येत बसतात, असा निर्वाळा दिला. २०२२मध्ये ‘डिआब्लो इममॉर्टल’ हा मोबाइलवरचा अवतार आला तो बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये प्रसिद्धच झाला नाही.

फुकट मिळणारा प्रत्येक खेळ याच वाटेने जातो असे नाही. न्यूझीलंडच्या ‘ग्राइंडिंग गिअर गेम्स’चा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ २०१३पासून फुकट खेळता येतो. तो पोशाख आणि सामान ठेवायच्या जादा पेट्या विकतो, लढण्याची ताकद विकत नाही. त्यातही दिखाऊ वस्तूंची नशिबावरची खोकी आहेतच, पण ती न घेणाऱ्याचा राक्षसांपुढे काही तोटा होत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ वेगळे काढले. ही विभागणी आवश्यकच होती. पण तिचा मुख्य भर रोख बक्षिसावर आहे. पैसे देऊन नशीब अजमावायचे आणि बदल्यात पडद्यावरची तलवार घ्यायची, या व्यवहाराची सार्वजनिक चर्चा आपण अजून नीट सुरूही केलेली नाही. घरातली चर्चा तर बहुधा ‘किती तास खेळतोस’ इथेच थांबते. एखादा खेळ कोणत्या क्षणी पैसे मागतो, आणि बदल्यात वस्तू देतो की शक्यता, हे प्रश्न त्याहून उपयोगाचे आहेत आणि ते विचारायला पालकांना खेळता यावेच लागते असे नाही.

या कसोटीवर ‘ग्रिम डॉन’ कुठे बसतो? आमचे मत असे, की त्याची ओढ निरागस नाही. स्किनरची कबुतरे इथेही टोचत आहेत. वेळ तो भरपूर खातो, आणि एकदा संपला की अधिक कठीण पातळीवर पुन्हा खेळायला बोलावतो. पण फासा एकदा विकत घेतला की तो खेळाडूचा होतो. लुटीच्या शक्यता खेळाडू हताश झाला म्हणून बदलत नाहीत आणि त्या हताशपणातून निर्मात्याला नवा पैसा मिळत नाही. इंटरनेट तोडून खेळणाऱ्या एखाद्याने साठवलेली फाइल बदलून स्वतःला हवी ती कुऱ्हाड देऊन टाकली, तरी दुसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही. ‘जुन्या वळणाचा’ हे विशेषण चाहते लाडाने वापरतात ते बहुतेक चित्रशैलीसाठी. आम्हाला त्यातली ही मालकीची बाजू अधिक मोलाची वाटते.

तक्रारी आहेतच. पिशवी लवकर भरते आणि कचरा विकायला वस्तीत परतावे लागते. दोन अंगरख्यांची तुलना करताना पंधरा-वीस ओळी वाचाव्या लागतात आणि त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ सुरुवातीला कोणी सांगत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सैनिकाची शाखा घ्यावी, ती चुका सोसते. खर्चलेले गुण ‘स्पिरिट गाइड’ लोखंडाचे तुकडे घेऊन परत देते, पण प्रत्येक वेळी दर वाढवते, म्हणून दुसरी शाखा निवडण्याआधी पहिलीची पाने एकदा शांतपणे वाचलेली बरी. आणि पिवळ्या अंगठ्या क्रीगची गाठ पडेपर्यंत विकू नयेत.